शंभरावा गोल आणि नानांची उशी

घड्याळजींनी त्या मंगळवारी फक्त एक शेपटी काढायची ठरवली होती. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. पुढे जे झालं त्यात आपला काही दोष नाही असं ते आजही सांगतात, फक्त आता ऐकायला कोणी थांबत नाही.

आता शेपटी कसली, ते सांगतो. पण त्याआधी हॉकी सांगायला हवी.

बंद पडलेल्या गोदामाच्या मागे एक रस्ता आहे. रविवारी सकाळी तिथे कुत्रंही फिरकत नाही, म्हणून हे दहा-बारा जण फिरकतात. वयं पन्नाशीच्या पुढे, आणि पोटं वयाच्या पुढे. हातात हॉकीच्या काठ्या, मधे टेनिसचा बॉल, आणि गोल म्हणून रंगाचे रिकामे डबे. टीम ठरलेली नसते. सगळ्यांच्या काठ्यांचा मधोमध ढीग करायचा, एकाने डोळे मिटायचे आणि एक काठी उजवीकडे, एक डावीकडे अशी फेकत जायचं. ज्याची काठी जिकडे, तो तिकडे. त्यामुळे या रविवारचा जिवलग पुढच्या रविवारी नडगीवर काठी हाणतो, आणि सासरा-जावईसुद्धा कधी गळ्यात गळे, कधी समोरासमोर.

इथवर सगळं साधं. पण मंडळींत एक कंपाउंडर आहे. दवाखान्यात दिवसभर गोळ्या मोजून मोजून त्याचं असं झालंय की मोजल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. त्याने अकरा वर्षांपूर्वी एक जाडजूड वही घातली. दर रविवारला एक पान. डावीकडे माणसं, पुढे रकाने. गोल किती मारले, पास किती दिले, गोलकीपरने किती खाल्ले, बॉल गटारात कोणी घातला, काच कोणी फोडली, आणि शेवटचा रकाना ‘उगाच पडला’. (या रकान्यात बेकरीवाल्याचा हात कोणी धरू शकत नाही.) शेवटच्या पानावर पेन्सिलीने सगळ्यांच्या बेरजा.

वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत. त्यातला एक घड्याळजींनी स्वतः सांगून लिहवून घेतलाय. प्लंबरने एकदा डब्याच्या बाहेरून गेलेला बॉल आत गेला म्हणून ठणकावून सांगितलं, तेव्हा घड्याळजी असे तापले की म्हणाले, “लिहा! खोटा गोल लावेल त्याचे दोन खरे कापायचे!” खाली सहीसुद्धा ठोकली. टपोरी, दोन रेघा ओढून.

आणि मोठा नियम खुर्चीचा. गोदामाच्या भिंतीला एक जुनी लाकडी खुर्ची आहे. एक हात तुटका, बैठक मधे खचलेली. मधल्या सुट्टीत तिच्यावर बसायचा हक्क फक्त त्याचा, ज्याचे शंभर गोल झाले. बाकीच्यांनी फुटपाथच्या कडेवर टेकायचं. अकरा वर्षांत शंभरी गाठली एकट्या प्लंबरने. तो असा बसतो पायावर पाय टाकून, की बघणाऱ्याला वाटावं, आता हा कोणाला तरी माफ करणार.

घड्याळजींचे गोल होते नव्याण्णव.

चार महिने नव्याण्णव! बॉल डब्याला लागायचा, बाजूने जायचा. एकदा तर रिकाम्या गोलासमोर शिंक आली. आणि त्यात गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी दाबून बघितला, घड्याळजी ओरडले, डॉक्टर म्हणाले, “धावणं बंद.”

“कधीपर्यंत?”

“हा गुडघा तुमच्याकडे आहे तोपर्यंत. उभे राहा, चाला, काय वाटेल ते करा. पण पळायचं नाही.”

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय म्हणाले?”

“नव्याण्णव,” घड्याळजी म्हणाले.

“बीपी?”

“गोल.”

“अहो, शंभर झाले असते तर काय, गुडघा बदलून मिळाला असता का?”

घड्याळजींनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे म्हणजे नाना. रिटायर्ड पोस्टमन, लेकीकडेच राहतात आणि रविवारी पोटाला सोफ्याची उशी बांधून गोलकीपर म्हणून उभे राहतात. आयुष्यभर लोकांच्या दारात उभे राहिले, आता डब्यांच्या दारात. नाना कमी बोलतात. जेवता जेवता एवढंच म्हणाले, “जावईबापू, एका गोलाने माणूस लहान होत नाही.”

एका गोलाने माणूस फुटपाथवर बसतो, हे नानांना कोण सांगणार?

तेवढ्यात सोमवारी कंपाउंडर घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आला. काखेत वही.

“घड्याळजी, घरी भाचे आलेत पाच. कालच माझ्या पावत्यांची विमानं केली. रविवारपर्यंत वही तुमच्याकडे ठेवा. अख्ख्या ग्रुपमध्ये तुमच्याइतका विश्वासू माणूस नाही.”

असं कोणी कोणाला बोलू नये. चांगल्या माणसाच्या डोक्यात नको ते येतं.

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळजींनी सहज वही उघडली. सहज आपली पानं बघितली. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या नावापुढे शून्यं फार आहेत. पुष्कळ रविवारी शून्य. एवढ्या शून्यांत एखादं तर कंपाउंडरच्या चुकीने पडलं असेल की! आणि शून्याला खाली एक शेपटी काढली, की त्याचा एक होतो. बस्. बॉलपेनचा एक फटकारा.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी एक शून्य निवडलं, पेन टेकवणार, तोच हात थांबला. कारण वही कंपाउंडरची! आपला एक गोल वाढला, की टीमची बेरीज एकाने वाढायला हवी. समोरच्या कीपरने खाल्लेला आकडाही एकाने वाढायला हवा. नाहीतर कंपाउंडर बसल्या जागी पकडणार. आणि तिथे होते सात. सातला शेपटी काढून आठ होत नाही. दुसरं पान उघडलं, तिथे चार. चारचा पाच करायला गेलो तर गिचमीड होणार. हे लोक धरबंद नसल्यासारखे गोल मारतात, कोणत्याही पानावर बघावं तर नऊ-सात, अकरा-आठ.

घड्याळजींना असं पान हवं होतं, जिथे त्यांचा गोल शून्य, त्यांच्या टीमचेही शून्य, आणि समोरच्या कीपरने खाल्लेलेही शून्य. शेपट्याच शेपट्या. अकरा वर्षांची पानं उलटली, पाचशेच्या वर, आणि असं पान सापडलं फक्त एक. सात वर्षांपूर्वीचं. समोरची टीम एक-शून्यने जिंकलेली. कीपर होते नाना.

घड्याळजींना थोडं टोचलं, नाही असं नाही. पण ते मनाशी म्हणाले, नानांना परवा काय खाल्लं ते आठवत नाही, सात वर्षांपूर्वी काय नाही खाल्लं ते कुठून आठवणार?

तीन शेपट्या काढल्या. काय सुरेख काढल्या! केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा हात तो. पण कोपऱ्यात मोठ्या अक्षरात ‘हरले’ लिहिलेलं होतं, आणि एक-एक झाल्यावर हरणार कसे? त्याला शेपटी चालेना. मग घड्याळजींनी त्यावर चहाचा एक थेंब टाकायचं ठरवलं. थेंबाला सोबत म्हणून अर्धा कप आला. पान भिजलं, मागची चार पानं भिजली, शर्टाची बाही भिजली. घड्याळजींनी वही पंख्याखाली वाळत घातली, शेवटच्या पानावरचे पेन्सिलीचे ९९ खोडून १०० केले, आणि सुस्कारा सोडला.

आता गंमत ऐका. घरी पुढच्या खोलीत नानांची खुर्ची आहे, तिच्यामागे भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाच्या डाव्या बाजूला तीन फ्रेमा. पोस्टाची सर्टिफिकेटं असावीत, असं घड्याळजी सात वर्षं समजत होते. रोज समोर बसून जेवतात, पण त्या वाईट खोडीच्या माणसाला भिंतीवर फक्त घड्याळ दिसतं, आणि ते दोन मिनिटं मागे आहे एवढंच दिसतं. दोन फ्रेमा पोस्टाच्याच होत्या. तिसरी काय होती, ते कळेल.

रविवार उजाडला. घड्याळजी पांढरा शर्ट घालून, काठी न घेता, वही घेऊन निघाले. तोंडावर असा भाव, की आता मी तुमच्यातला नाही, मी फक्त लिहिणार. मधल्या सुट्टीत हळूच प्लंबरला म्हणाले, “जरा माझी बेरीज बघता का हो? माझं डोकं हल्ली चालत नाही.”

प्लंबरने खुर्चीवर बसल्या बसल्या पान उघडलं. भुवया वर गेल्या. “अहो, शंभर आहेत हे!”

“छे, छे, नव्याण्णव असतील.”

“शंभर लिहिलंय!”

“असं? कमाल आहे बाई,” घड्याळजी म्हणाले, आणि ‘बाई’ कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही.

झालं, एकच गलका. बेकरीवाला मिठी मारायला धावला आणि उगाच पडला. प्लंबर स्वतःहून उठला, त्याने रुमालाने खुर्ची झटकली. घड्याळजींना धरून बसवलं. आहाहा! खचलेली बैठक, पण काय बैठक! एका हातावर हात ठेवला, दुसरा हात तुटका होता तिकडे हवेत ठेवला.

नाना गोलातून लगबगीने आले, उशी पोटावर उड्या मारत होती. डोळे भरून आलेले. “जावईबापू, शंभरीत आलात! गुडघा गेला पण नाव राहिलं.”

घड्याळजी नानांच्या डोळ्यांऐवजी उशीकडे बघत राहिले.

कंपाउंडर मात्र वही चाळत होता. त्याला आनंदसुद्धा मोजून व्हायचा. “मागच्या रविवारी नव्याण्णव होते. मग हा एक आला कुठून?” बोटाने एकेक पान, एकेक पान. आणि थांबला. “हां! हा बघा. हा माझ्या मोजण्यातून सुटला होता वाटतं. सात वर्षांपूर्वीचा.”

“कोणाच्या गोलात मारला होता?” नानांनी कौतुकाने विचारलं.

“तुमच्याच.”

“माझ्या? कधी?”

कंपाउंडरने तारीख वाचली.

नानांचा चेहरा, काय सांगू, पत्ता चुकलेल्या पाकिटासारखा झाला. ते वळले, आणि उशी पोटाला, हातात काठी, तसेच रस्त्याने घराकडे चालू लागले.

“नानांना काय झालं?” प्लंबर म्हणाला.

“वय,” घड्याळजी म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

दहा मिनिटांत नाना परत आले. काखेत फ्रेम, फ्रेमच्या मागे खिळा लोंबतोय, आणि त्यांच्या मागे त्यांची लेक, म्हणजे घड्याळजींची बायको. ओले हात साडीला पुसत.

“अहो, नानांनी भिंत उकरली! काय चाललंय तुमचं?”

नानांनी फ्रेम कंपाउंडरच्या हातात दिली. काचेआड त्याच पानाची झेरॉक्स. तीच तारीख. नाना, खाल्लेले गोल: शून्य. घड्याळजी: शून्य. गोल, गुबगुबीत, बिनशेपटीचं.

“अकरा वर्षांत एवढा एकच रविवार,” नाना हळू म्हणाले, “ज्या दिवशी मी एकही आत जाऊ दिला नाही. मी कोणाला बोललो नाही. पण रोज सकाळी पुसतो.”

घड्याळजींना खुर्ची टोचायला लागली.

आता कोणालाही वाटेल, की चोर पकडला. पण नाही! प्लंबरने वही बघितली, फ्रेम बघितली, परत वही बघितली, आणि म्हणाला, “नाना. असली कुठली आणि झेरॉक्स कुठली?”

“म्हणजे?”

“वहीत एक आहे. वही खरी. झेरॉक्समध्ये शेपटी पुसायला काय लागतं? पांढरी शाई.”

“एकदा नानांनी तासाभरासाठी वही नेली होती खरी,” कंपाउंडर आठवून म्हणाला.

“त्या तासात!” बेकरीवाला ओरडला. “तीन-तीन शेपट्या कापल्या यांनी! सात वर्षं आम्हाला फसवलं!”

“पोस्टात असताना लोकांची पत्रं तरी धड दिली का हो?” प्लंबर म्हणाला.

“एऽ, नानांना काही बोलायचं नाही!” लेक कडाडली. “ते कंडक्टरला सुद्धा सुट्टे परत द्यायला मागे धावतात!”

“मग घड्याळजी खोटे?” प्लंबरने विचारलं. “भिंगातून बघा ना. घड्याळजी, भिंग आहे का?”

भिंग खिशात होतं. स्वतःच्या हाताने काढून द्यावं लागलं. प्लंबरने वाकून बघितलं. “काय सुरेख शेपट्या आहेत,” तो म्हणाला, “अशा कंपाउंडरच काढू शकतो.”

“मी एवढ्या सुरेख काढत नाही,” कंपाउंडर विचारात पडून म्हणाला.

नाना सगळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी मागे हात नेऊन उशीची नाडी सोडली. उशी खुर्चीच्या पायाशी ठेवली. “राहू द्या,” ते म्हणाले. “झेरॉक्सचं मशीन तेव्हा फिकट यायचं. माझीच चूक असेल. जावयाचे शंभर होतायत ना? होऊ द्या.”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही, बाहीकडे. बाहीवर चहाचा डाग, धुऊनही न गेलेला. मग वहीतल्या डागाकडे. मग परत बाहीकडे. घड्याळजींनी हात मागे घेतला, पण खुर्चीला त्या बाजूला हात नव्हता.

“मी सांगू,” ती म्हणाली, “का तुम्ही सांगता?”

घड्याळजी ताडकन उठले. म्हणजे उठायला गेले. गुडघा अडकला, बैठक खचलेली, आणि अर्ध्यावर, ना बसलेले ना उभे, अशा अवस्थेत त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य म्हटलं, “शेपट्या मी काढल्या.”

कंपाउंडरने कानामागची पेन्सिल काढली.

“तिन्ही?” कंपाउंडरने विचारलं.

“तिन्ही. आणि चहा.”

“तरीच म्हटलं, सुरेख कशा,” प्लंबर म्हणाला, आणि त्याने नानांना वाकून नमस्कार केला. बेकरीवालाही वाकला, आणि पडला. ते उगाच की मुद्दाम, यावर पुढे वाद झाला.

नानांनी फ्रेम पोटाशी धरली. जावयाकडे बघितलं. “भिंगाने काढल्यात?”

“हो, नाना.”

“हात चांगला आहे तुमचा,” नाना म्हणाले. बस्, एवढंच. त्यापेक्षा काठी घातली असती तर बरं वाटलं असतं.

कंपाउंडर आता खवळला होता. तो तिथेच फुटपाथवर मांडी घालून बसला आणि घड्याळजींचा एकेक गोल मोजायला लागला. पहिल्या वर्षापासून. सगळे भोवती. बायकोसुद्धा थांबली, म्हणाली, “आता बघूनच जाते.” चहाने भिजलेल्या पानांपाशी आला आणि त्याचं बोट अडलं.

“हे काय?”

चहाने दोन पानं सुटली होती. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात वहीवर खोकल्याचं औषध सांडलं होतं, त्यात ती दोन पानं एकमेकांना चिकटली, ती चिकटलीच. बेरजा तेव्हा वर्षाअखेर व्हायच्या, त्यामुळे त्या दोन रविवारी खेळच झाला नाही असं सगळे धरून चालले होते. आत दोन्ही रविवार जसेच्या तसे, गोड वास येत असलेले. प्लंबरच्या दोन काचा निघाल्या. (प्लंबर म्हणाला, पानं परत चिकटवा.) आणि घड्याळजींच्या नावापुढे, दोन्ही पानांवर, एकेक गोल. खरा. कंपाउंडरच्या अक्षरात. कुरूप शेपटीचा.

“नव्याण्णव अधिक दोन,” कंपाउंडर म्हणाला. “एकशे एक. म्हणजे तुमची शंभरी सात वर्षं या पानांत झोपलेली होती.”

घड्याळजींच्या डोळ्यांपुढे आकाश उजळलं. “म्हणजे मी... खुर्ची...”

“थांबा.” कंपाउंडरने पहिलं पान उघडलं. नियम वाचला. सावकाश, शब्दाशब्दाला बोट ठेवून. “खोटा गोल लावेल त्याचे दोन खरे कापायचे.” मग खालची सही वाचली, दोन्ही रेघांसकट.

प्लंबर खुर्चीवर जाऊन बसला. पायावर पाय टाकला.

“नव्याण्णव,” कंपाउंडर म्हणाला, आणि पेन्सिलीने लिहिलं.

घरी जाताना अधूनमधून बायकोचे खांदे हलत होते. घड्याळजींना वाटलं रडतेय. नाही, हसत होती.

पुढच्या रविवारी नानांनीच तोड काढली. म्हणाले, “डॉक्टर उभं राहू नका असं म्हणाले नाहीत ना? गोलात उभे राहा. मी लिहितो.” आणि उशी स्वतः जावयाच्या पोटाला बांधली, गाठ जरा आवळून. कंपाउंडरनेही पेन दिलं. नाना निर्दोष सुटले होते, त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती होती?

घड्याळजींनी अकरा गोल खाल्ले. बाराव्या वेळी बॉल असा हळू, असा लोळत आला, की जणू तोही दमला होता. घड्याळजींनी काठीने अलगद अडवला. पहिल्यांदाच अडवला! आनंदाने दोन्ही हात वर केले, वळून नानांकडे बघितलं, “नाना, बघा!” म्हणाले, आणि वळता वळता टाचेने बॉल आत सरकवला.

“हा कोणाचा लिहायचा?” नानांनी विचारलं.

“त्यांनीच मारला,” सगळे एका सुरात म्हणाले.

कंपाउंडरने नियम दोनदा वाचला. शंभर गोल करेल त्याला खुर्ची, एवढंच लिहिलेलं. कोणाच्या डब्यात, ते लिहिलेलं नव्हतं. नव्याण्णव आणि एक, शंभर. वही म्हणजे वही. खुर्ची दिली, रीतसर टाळ्या वाजवून दिली, फक्त प्लंबरने तिचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

नानांनी तो एक वहीत लिहिला तो असा, की शेपटी रकाना सोडून, खालची माणसं सोडून, पानाच्या तळापर्यंत आली. त्या पानाची झेरॉक्स आता घरी घड्याळाच्या उजव्या बाजूला लागलीय. घड्याळ लावायला उठलं की ती अगदी नाकासमोर येते. म्हणून घड्याळजींच्या घरचं घड्याळ सध्या वीस मिनिटं मागे आहे.